युक्तिवाद ओळखायचा कसा?

लोक तावातावाने बोलत असले की आपल्याला वाटतं युक्तिवाद चाललाय, पण लॉजिकमध्ये युक्तिवाद म्हणजे भांडण नाही, एक निष्कर्ष आणि त्याला आधार म्हणून दिलेली विधानं, बस. आधार नसेल तर ते नुसतं मत, कितीही जोरात सांगा.

आता 'म्हणून', 'त्यामुळे', 'सबब' असे शब्द दिसले की पुढे बहुतेक निष्कर्ष येतो आणि 'कारण'नंतर आधार. पण यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 'रस्ता ओलाय कारण रात्री पाऊस पडला' हा युक्तिवाद नाहीच, रस्ता ओला आहे हे समोर दिसतंय, आपण फक्त तसं का झालं ते सांगतोय. 'रात्री पाऊस पडला असणार, कारण रस्ता ओलाय' हा मात्र युक्तिवाद, आणि तो चुकू शकतो, कोणी पाणी मारलं असेल ना!

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते न बोललेलं आधारविधान. 'तो डॉक्टर आहे, म्हणजे बरोबरच सांगत असणार' यात डॉक्टर कधी चुकत नाहीत हे गुपचूप धरलेलं असतं, ते बाहेर काढून लिहिलं की युक्तिवाद किती लंगडा आहे ते लगेच कळतं.

आणि वैध म्हणजे खरं नव्हे हं. सगळे मासे उडतात, सुरमई मासा आहे, म्हणून सुरमई उडते, हे पूर्ण वैध आहे, कारण दोन्ही आधार खरे धरले तर निष्कर्ष टाळताच येत नाही. फक्त पहिलाच आधार खोटा आहे. म्हणून सांधा (आधारांतून निष्कर्ष खरंच निघतो का) आणि आधार (ते खरे आहेत का), दोन्ही वेगवेगळे तपासायचे.