पोलाद नव्हे, लोखंड

सॅन दिएगोच्या बंदरात 'स्टार ऑफ इंडिया' नावाचं जुनं शिडाचं मालवाहू जहाज आहे, आता म्युझियम झालंय त्याचं, तिथं मी शनिवार-रविवार गाइडचं काम करते. नाव असं असल्यामुळे देशी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे आपल्याकडे बांधलं का हो?" मग मी सांगते की नाही, आयल ऑफ मॅन बेटावर रॅमसी गावात 1863 मध्ये बांधलं आणि तेव्हा नाव होतं 'युटर्पी', हे इंडियाबिंडिया 1906 चं, अलास्काहून डबाबंद सामन मासे आणणाऱ्या कंपनीनं ठेवलेलं, कारण त्यांच्याकडे आधीच स्टार ऑफ अमुक, स्टार ऑफ तमुक अशी जहाजं होती. लोकांचा चेहरा पडतोच जरा.

परवा एक मराठी कुटुंब आलं. सोबत आजोबा, ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, डोक्यावर नातवाची बेसबॉल टोपी. मराठीत बोलायला मिळतंय म्हटल्यावर मी सुटलेच, "एवढं जुनं पोलादी जहाज..." आणि आजोबांनी मधेच अडवलं.

"पोलाद नव्हे पोरी. लोखंड."

मी दोन वर्षं देशी ग्रुपला पोलादी पोलादी करत होते, भारदस्त वाटतं म्हणून, दुसरं काही नाही! आजोबा मुंबईच्या गोदीत रिपेरिंगला होते. खाली होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या तळात, उतरले (मुलगा नको नको म्हणत होता), आतल्या पत्र्यावर बोटानं टकटक केलं आणि मला रिबिटं दाखवायला लागले, मलाच. रिबीट भट्टीत लालबुंद करायचं, भोकात घालायचं, एकानं मागून दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं घणानं डोकं बसवायचं, गार होताना ते आक्रसतं आणि दोन पत्रे आवळून धरतं. आणि हे घडीव लोखंड, ह्यात लोखंड गाळताना राहिलेल्या मळीचे धागे असतात, गंज सावकाश चढतो, म्हणून टिकलं म्हणे. मी वहीत लिहून घेतलं सगळं.

मग म्हणाले, "आता तू सांग, हिंदुस्थानात कधी आलेलं का?"

आलेलं की! पहिल्या दोन्ही सफरी कलकत्त्याच्याच. पहिल्या वेळी वेल्सजवळ एका स्पॅनिश जहाजाशी टक्कर झाली, खलाशांनी पुढे जायला साफ नकार दिला आणि सतरा जण तुरुंगात गेले. दुसऱ्या वेळी, 1865 ला, मद्रासजवळ वादळात डोलकाठ्या तोडून टाकायची वेळ आली, तसंच रखडत श्रीलंकेतलं त्रिंकोमाली आणि मग कलकत्त्याला दुरुस्तीला गेलं. कॅप्टन स्टोरी परतीच्या वाटेवर वारले, समुद्रातच दफन केलं त्यांना. पुढे न्यूझीलंडला माणसं नेण्यात पृथ्वीला एकवीस फेऱ्या, त्याही इंजिनाशिवाय, इंजिन तर आजही नाही. पण आजोबा कलकत्त्यावरच अडकले होते.

"म्हणजे डोलकाठ्या तिथल्या गोदीत बसवल्या."

"हो, तिथंच असणार."

"मग मिस्त्री आपलेच असणार की. नावं आहेत का कुठे?"

कॅप्टनचं नाव आहे, मालकांची आहेत, बांधणाऱ्या कंपनीचं आहे. मी म्हटलं, मिस्त्रींची मी तरी कुठे बघितली नाहीत.

"नसणारच," म्हणाले आणि परत एका रिबिटावर अंगठा फिरवत बसले. वरून मुलगा हाका मारत होता, पार्किंगची वेळ संपत आली होती.