नोम आणि भिंत : सहा सेशनांनंतरची नोंद

नोमांची, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका घेऊन खेळायच्या खेळातल्या एका बुटक्या जमातीची, वस्ती अखेर टेबलावर उभी राहिली. सहा सेशन, म्हणजे खेळाच्या बैठका, झाली आहेत. खेळाडू चार, डीएम (खेळ चालवणारा) मी, आणि नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे मुख्यतः २०१४ चे.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने झाली. आमच्यातल्या एकीने या वेळी नोम घ्यायचं ठरवलं आणि शीट भरता भरता विचारलं, "पण नोम म्हणजे नक्की कोण रे? ड्वार्फ डोंगर पोखरतात, हाफलिंग आपल्या घरात सुखी असतात. नोम काय करतात?" मी तिला उंची सांगितली, आयुष्य सांगितलं (साडेतीनशे ते पाचशे वर्षं), इंटेलिजन्सचे दोन गुण जास्त मिळतात तेही सांगितलं. मात्र तिने विचारलं होतं ते यातलं काहीच नव्हतं.

पहिला प्रयत्न

घाईत मी सगळ्यात ओळखीची वाट धरली, यंत्रवेड्या नोमाची. ही प्रतिमा घट्ट केली १९८४ पासूनच्या ड्रॅगनलान्सने, म्हणजे याच खेळातल्या एका काल्पनिक जगाने. तिथल्या माउंट नेव्हरमाइंडमध्ये राहणारे टिंकर नोम आयुष्यभर एकाच शोधाच्या मागे असतात, त्यांची नावं संपता संपत नाहीत आणि यंत्रं हमखास बिघडतात. मीही तसाच एक म्हातारा कारागीर आणला. त्याची शिडी कोसळली, दिवा फुटला, सगळे हसले. दुसऱ्या सेशनपर्यंत तो तोंड उघडायच्या आधीच टेबलावर हसू फुटायला लागलं, आणि जिने नोम घेतला होता ती हळूहळू गप्प होत गेली. तिच्या पात्राने कुलूप उघडलं तरी शेजारचा म्हणायचा, "आता स्फोट होणार."

याचं मला फार वाईट वाटलं. तिने एक पात्र मागितलं होतं आणि मी तिच्या सगळ्या जमातीचा विनोद करून ठेवला होता. टिंकर नोमाशी माझं वैर नाही. पण ज्याची प्रत्येक गोष्ट फसते त्याच्यावर जीव टाकून खेळणार कोण?

मागे जाऊन पाहिलं

मग जुनी पानं उघडली. नोम हा शब्द आपल्यापर्यंत येतो तो सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या स्विस वैद्याकडून. त्याच्या मते पाणी, वारा, माती आणि अग्नी या चारही तत्त्वांमध्ये कोणी ना कोणी राहतं, आणि मातीत राहणारे ते नोम. आपण हवेतून चालतो तितक्या सहज ते मातीतून जातात. या एका कल्पनेवर मी बराच वेळ थांबलो. आपल्याला जी भिंत वाटते ती नोमाला भिंत नाहीच!

ही गोष्ट मनात ठेवून १९७८ चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमपुस्तक, पुन्हा वाचलं. नोम खेळाडूची जात म्हणून तिथे पहिल्यांदा नीट मांडला गेला. त्याआधी १९७४ च्या मूळ खेळात तो राक्षस-प्राण्यांच्या यादीत होता. जमिनीखाली असताना धोकादायक भिंत, छत किंवा जमीन ओळखण्याची त्याची शक्यता दहात सात. जमिनीचा उतार ओळखण्याची दहात आठ. जादूविरुद्धच्या सेव्हिंग थ्रोवर (जादूपासून वाचायला टाकायच्या फाशावर) कॉन्स्टिट्यूशनच्या, म्हणजे शरीराच्या काटकपणाच्या, दर साडेतीन गुणांमागे एक गुण बोनस. आणि इल्युजनिस्ट, म्हणजे मायेची जादू करणारा, व्हायची मुभा माणसांशिवाय फक्त नोमांना.

हे नियम मी आधीही वाचले होते, पण सुटे सुटे. या वेळी ते एका धाग्यात बसले. पोकळ भिंत कुठली हे नोमाला कळतं. नसलेली भिंत त्याला उभी करता येते. दुसऱ्याने उभी केलेली खोटी भिंत त्याला सहसा फसवत नाही. आणि टिंकर? बंद पेटी पाहिली की तिच्या आत काय आहे हे बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही. तीही भिंतच, फक्त छोटी.

पुढच्या आवृत्त्यांमध्येही हा धागा तुटत नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत पहिल्या प्लेअर्स हँडबुकमधून नोमाला वगळलं, तो मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये गेला आणि २००९ च्या दुसऱ्या हँडबुकमध्ये परतला. परतला तो मार बसताच अदृश्य होण्याची ताकद घेऊन. पाचव्या आवृत्तीत त्याला बुद्धी, शहाणपण आणि करिष्मा या तिन्ही सेव्हना जादूविरुद्ध अ‍ॅडव्हांटेज आहे, म्हणजे दोन फासे टाकून चांगला घेता येतो. २०२४ मध्ये तर जादूची अटही काढून टाकली. एबेरॉन या खेळातल्याच एका जगामधलं नोमांचं राष्ट्र झिलार्गो मला या सगळ्यात सर्वांत आवडतं. तिथले नोम ज्ञान जमवतात, गुपितं राखतात, आणि त्यांच्याकडे बघून हसायची कोणाची हिंमत होत नाही.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळातली ब्लीचिंगची कल्पनाही थोडे दिवस घोळवली. नवे अनुभव मिळाले नाहीत तर नोमाचा रंग उडत जातो आणि शेवटी तो मरतो. कल्पना सुंदर आहे, पण ती नोमाला सतत बाहेर ढकलते. मला दाराआड बसलेले नोम हवे होते, म्हणून ती सोडली.

दार कसं चालतं

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि सगळ्यात मजाही इथेच आली.

ठरवलं की वस्तीचं दार म्हणजे कड्यातलं एक भगदाड, आणि ते झाकणारी भिंत मायेची. सोपं वाटलं होतं. मग नियम बघितले. नोमांच्या पोटजातींपैकी वननोमाला मायनर इल्युजन (छोटा भास उभा करणारी जादू) जन्मतःच येतं, पण ते पाच फुटांच्या घनात मावतं आणि एक मिनिट टिकतं. त्याच नोमाने पुन्हा टाकलं की त्याचं आधीचं संपतं. म्हणजे एकट्याने भिंत धरली तर दर मिनिटाला क्षणभर भगदाड उघडं पडणार. ते पडू द्यायचं नसेल तर दोघं हवेत. एकाची भिंत विरायच्या आत दुसऱ्याने आपली उभी करायची, आणि हे दिवसरात्र!

या अडचणीतूनच माझी वस्ती तयार झाली. भिंत धरणारे ते भिंतकरी. त्यांच्या जोड्या, त्यांच्या पाळ्या. मिनिट मोजायला खडकनोमांनी केलेली वाद्यपेटी आहे. दहा सोन्याच्या नाण्यांचं साहित्य आणि तासाभराची मेहनत एवढ्यात ती होते, चोवीस तास चालते, आणि तिची धून मी मिनिटापेक्षा थोडी आखूड ठेवली आहे. पेटी दारापासून दूर, आतल्या वळणावर असते, म्हणजे बाहेर आवाज जात नाही. बाहेरची खबर उंदीर आणि घुशी आणतात, कारण छोट्या प्राण्यांशी वननोमांना बोलता येतं. लहान मुलं ती धून ऐकतच झोपतात. पेटी थांबली की सगळी वस्ती जागी होते.

टिंकर आणि इल्युजनिस्ट हे नोमाचे दोन वेगळे चेहरे आहेत असं मला इतकी वर्षं वाटायचं. इथे एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नाही.

नावांचं काम पटकन उरकलं. नोमाला आई, बाप, कुळातले वडीलधारे, मामा-मावश्या असे सगळेच नावं देतात, त्यामुळे टोपणनावं आम्ही सरळ मराठीत ठेवली: ठिणगी, चिमटा, फुंकर. कडा पुठ्ठ्याचा आणि फोमचा आहे. रंगकाम अजून अर्धंच झालंय.

चौथं सेशन

१९७८ चा तो भिंतीचा नियम मी घरचा नियम म्हणून परत आणला. नोम पात्राने भिंतीवर तळवा टेकून मिनिटभर उभं राहायचं आणि दहा बाजूंचा फासा टाकायचा. सात किंवा कमी पडला तर भिंत कशी आहे ते कळतं. मिनिटभर थांबायची अट मागाहून घातली. आधी ती प्रत्येक बोळात फासा टाकत होती आणि खेळ अडत होता.

मंडळी कड्यापाशी आली. तिने भगदाडाच्या कडेला, खऱ्या दगडावर हात ठेवला. चार पडले. मी चिठ्ठी सरकवली: हाताखालचा दगड खरा आहे, पण वीतभर पुढे कडा संपतो. पलीकडे कोणीतरी उभं आहे, आणि ते तुझ्यासारखंच आहे.

तिने चिठ्ठी वाचली, घडी घालून फाशांच्या डबीखाली ठेवली, आणि बाकीच्यांना म्हणाली, "इथे काही नाही. चला पुढे."

टेबलावर कोणीही हसलं नाही. चिठ्ठीत काय होतं हे बाकी तिघांना पुढच्या सेशनला कळलं, तेही तिने स्वतः सांगितलं तेव्हा.

सध्या कुठे आहोत

सहाव्या सेशनला कोबोल्डांचा, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या बुटक्या जमातीचा, दूत आला. नोमांचा देव गार्ल ग्लिटरगोल्ड याने कोबोल्डांच्या कुर्टुलमॅकची गुहा पाडली, तेव्हापासूनचं हे वैर. नोम ही कथा खोडी म्हणून सांगतात. पण छत पडून जे आत गाडले गेले, त्यांच्या पोरांना ती खोडी कशी वाटेल? म्हणून आमच्या वस्तीतल्या आजीबाई ही गोष्ट सांगताना हसत नाहीत, आणि पोकळ भिंती ओळखायला नोम मुलांना सगळ्यात आधी शिकवलं जातं ते याच कथेमुळे, असं मी जोडून घेतलं.

दूताची मागणी एवढीच आहे: एक मिनिट, फक्त एक मिनिट, भिंत खाली घ्या आणि आम्हाला आत बघू द्या. आजीबाईंनी निर्णय आमच्या नोमावर सोपवलाय. आज तिचा निरोप आला, पेटीची ती धून नेमकी किती सेकंदांची आहे हे विचारणारा. मी पन्नास म्हणून कळवलंय.