साठी बुद्धी नाठी म्हणे!

आमच्या घरात सध्या आईच्या मेमरीवर सगळ्यांनी आपापलं मत देऊन झालंय. भाऊ म्हणतो वय झालं, वहिनी म्हणते बदाम भिजवून द्या, पुण्याची मावशी म्हणते ब्राह्मी (मावशी स्वतः फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगते, पण ते जाऊ दे). मला विचाराल तर आईची मेमरी गेलेली नाहीये, तिचा स्पीड कमी झालाय, आणि आपण घरचे लोक या दोन गोष्टी बिनधास्त एकाच पिशवीत कोंबतो.

ओटीपीचंच बघा ना. आईला मोबाईलवरून लाइट बिल भरायचं असतं. मेसेज आला की वर एक पट्टी झळकते, आई चष्मा सारखा करून वाचायला लागते, "चार, सात, एक..." की पट्टी गायब. मग मेसेजमध्ये जा, सहा आकडे डोक्यात धरून परत अ‍ॅपमध्ये ये, तिथे सेकंद उलटे पळतायत, पहिले तीन बरोबर पडतात, चौथ्याला बोट हवेत थांबतं आणि टाइम आउट. मग ती चिडते, मी चिडते. पुढच्या वेळी नवे आकडे आले की आधी कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून घेतले, तर एका फटक्यात टाकते! म्हणजे आकडे वाचणं, समजणं, टाइप करणं सगळं येतंय, फक्त त्या घड्याळाबरोबर धावणं जमत नाहीये.

टिमोथी सॉल्टहाउस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1996 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. मेंदूचं काम हळू झालं की दोन घोटाळे होतात. एकतर आधीच्या पायरीतच इतका वेळ जातो की पुढच्या पायरीला तो उरतच नाही, नाहीतर दुसरा भाग हाताशी येईपर्यंत पहिला डोक्यातून पुसला गेलेला असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं विसरल्या.

आता हळू का होतं? मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात त्या लांब धाग्यांवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. ते चांगलं असेल तर निरोप झटकन जातो. या सगळ्या वायरिंगचा, म्हणजे व्हाइट मॅटरचा, पसारा साधारण चाळिशी-पन्नाशीपर्यंत वाढतो आणि मग उतरणीला लागतो. बीपी आणि शुगर असेल तर बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन तिथे अजून डाग पडतात. आणि स्पीडच्या टेस्ट घेतल्या तर घसरण त्याच्याही आधी, विशी-तिशीतच सुरू झालेली दिसते बरं का! त्यामुळे आजीला हसणाऱ्या माझ्या भाच्याने जरा दमाने घ्यावं.

लहानपणी ऐकलं होतं की म्हातारपणी रोज लाखभर पेशी मरतात. तसं काही नसतं. नॉर्मल म्हातारपणात पेशी मोठ्या संख्येने मरत नाहीत, त्यांच्या फांद्या आणि जोड कमी होतात, त्यामुळे मेंदू थोडा आकसतो, आणि सगळीकडे सारखा नाही. कपाळामागचा भाग, जो लक्ष एका जागी ठेवतो आणि नको ते बाजूला सारतो, तो जास्त आकसतो. म्हणून टीव्हीवर सिरियल चालू, कुकरची शिट्टी होतीये आणि तेवढ्यात मी "आई उद्या प्लंबर येणारे अकराला" म्हणून चपला घालून निघून गेले, तर ते आईच्या डोक्यात शिरतच नाही. जे आत गेलंच नाही ते आठवणार कुठून? दुसरा भाग हिप्पोकॅम्पस, नवीन आठवणी पक्क्या करणारा, तोही वयाबरोबर लहान होतो. जुनं लख्ख आठवतं आणि काल काय झालं ते निसटतं, त्यात याचाही हात आहे.

नावांची तर वेगळीच गंमत. "अगं तो, आवाज कसला त्याचा, नेहमी पाटील नाहीतर सरपंच व्हायचा" असं अर्धा तास चालतं, आणि मग कोथिंबीर निवडता निवडता एकदम "निळू फुले!" माणूस आठवत असतो, त्याची कामं आठवत असतात, फक्त अर्थापासून नावाच्या आवाजापर्यंत जाणारी वाट कच्ची झालेली असते. मानसशास्त्रज्ञ डेबोरा बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये यावर काम केलंय, जिभेवर आहे पण येत नाही हे वयाबरोबर वाढतं, आणि विशेषनामांत जास्त.

पण तीच आई रविवारचं शब्दकोडं घेऊन बसली की मी तिच्यापुढे शून्य. "हत्तीला टोचायचा, तीन अक्षरी," मी अजून हत्तीवरच आणि तिने अंकुश लिहून पुढचं धरलेलं असतं. शब्दसंपत्ती साठीपर्यंत आणि पुढेही टिकते, कित्येकांची वाढते. अमेरिकेत सिएटलमध्ये मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी 1956 मध्ये सुरू केलेला अभ्यास आहे, त्याच लोकांना दर सात वर्षांनी तपासायचे, त्यात बहुतेक क्षमता साठीपर्यंत बऱ्यापैकी टिकलेल्या दिसल्या, लवकर खाली आला तो मुख्यतः स्पीड. आणि आपण आपलं साठी बुद्धी नाठी करत बसतो.

याचा अर्थ सगळंच नॉर्मल म्हणून सोडून द्यायचं असं अजिबात नाही हं. आपल्या देशात साठीवरच्या साधारण 7.4 टक्के लोकांना, म्हणजे जवळपास 88 लाख जणांना, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे असा अंदाज 2023 मध्ये आलाय. दहा मिनिटांत तोच प्रश्न परत परत, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, आयुष्यभर हिशोब ठेवलेल्या माणसाला सुट्टे पैसे न कळणं, हे दिसलं की बदाम बाजूला ठेवा आणि न्यूरॉलॉजिस्ट गाठा.

आणि बऱ्याचदा कारण भलतंच निघतं. आई शुद्ध शाकाहारी आणि वर शुगरसाठी मेटफॉर्मिन, दोन्हीमुळे बी-12 कमी होऊ शकतं, ते आता तपासलं आणि कमी निघालंच. झोप आणणाऱ्या सर्दीच्या जुन्या गोळ्यांनीही म्हाताऱ्यांचं डोकं जड होतं, डब्यातून त्या काढून टाकल्या. चालण्याबद्दल 2011 चा एक अभ्यास बराच गाजला, 120 ज्येष्ठांपैकी वर्षभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस 2 टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा घटला. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत चित्र इतकं गोड नाही आलं, पण चालून तोटा कुणाचा झालाय, म्हणून संध्याकाळी आम्ही बागेत दोन फेऱ्या मारतो.

राहिलं कानाचं. ऐकू कमी येत असेल तर शब्द पकडण्यातच अर्धी ताकद खर्च होते, लक्षात ठेवायला काय उरणार, आणि डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी जी कारणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात आहेत त्यात हे अगदी वरचं आहे. आईचं म्हणणं, "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता." पुढच्या आठवड्यात ईएनटीची अपॉइंटमेंट घेतलीये. तिला सांगितलंय कानातला मळ काढायचाय म्हणून.