चपला आत घ्या

बुधवारची घरसभा, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची घरातली प्रार्थना, आमच्याकडे असते. माणसं किती, तर पंधरा-सोळा, त्यात निम्म्या म्हाताऱ्या बायका. हल्ली दारात कुणी चपला काढत नाही. आईनं पलंगाखाली गोणपाट अंथरलंय. येणारा आपली जोडी हातात घेऊनच आत येतो. रस्त्यावरून मोजता येऊ नयेत म्हणून.

पावसाळ्यात एका बुधवारी नारायण वामन टिळकांचं भजन चाललं होतं. मी पेटीवर, दादा तबल्यावर. सहा-सात पोरं मोबाईल रोखून दारात उभी राहिली. एकाच्या बहिणीच्या लग्नात मी पंगत वाढलीय. त्यानंच विचारलं, "किती मिळतात रे एका माणसामागे?" मावशींना वाटलं वर्गणी मागतायत, त्या बटव्यात हात घालून सुटे शोधायला लागल्या. भजन पोरांच्या मोबाईलमध्ये गेलंच असणार. घरी लावलं असेल तर आजीला हरिपाठच वाटला असेल.

मग पोलीस आले. पोरांना काही विचारलं नाही. आमच्याकडे परवानगीचा कागद मागितला, आलेल्यांची नावं उतरवून घेतली. आई म्हणाली, "साहेब, शेजारी सत्यनारायण असला की कागद लागतो का हो?"

"मावशी, वाद नको."

धर्म बदलला की माणसामागे किती मिळतात, याचं उत्तर मला रात्री अंथरुणात सुचलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याची आरक्षणाची सवलत जाते. शिखांना ती १९५६ मध्ये मिळाली, बौद्धांना १९९० मध्ये. आमचं चुलत घराणं बौद्ध. त्यांच्या पोरांना दाखला मिळतो. आमचे पणजोबा त्याच वाड्यातले, त्याच विहिरीवरून हाकललेले, पण आम्हाला नाही. म्हणजे मिळायचं राहू दे, होतं तेच गेलं. हे दारातल्या त्या पोराला कसं सांगणार? तो तर व्हिडिओ काढत होता.

चपलांची युक्ती आत्याची. ती सुरगाण्याकडे शिक्षिका होती. १९९८ च्या नाताळात हद्दीपलीकडे गुजरातच्या डांगात प्रार्थनाघरं जाळली गेली, तेव्हापासून तिला ही सवय. आम्ही तिला घाबरट म्हणायचो.

आता पेटी काढत नाही, टाळही नाही. ओसरीवरचा दिवासुद्धा बंद. मागच्या बुधवारी अंधारात जोड्या ओढताना घोळ झाला आणि मावशी एका पायात स्वतःची, दुसऱ्यात पाळकसाहेबांची चप्पल घालून घरी गेल्या. पाळकसाहेब अजून माझीच वापरतायत.