'नग किती?'

आज भोसरीला डायवाल्या, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणाऱ्या काकांकडे गेले होते, मसाल्याच्या डब्याच्या झाकणाचं डिझाइन घेऊन. थ्रीडी प्रिंटरवर एक झाकण काढायला सहा तास लागलेले, आणि मी त्यावर जाम खूश! काकांनी ते उलटंसुलटं केलं. "नग किती?"

"दोनशे."

हसले. साचा चार लाखांचा. म्हणजे दोनशे नगांत प्रत्येक झाकणावर नुसत्या साच्याचे 2000 रुपये. तेच 50,000 काढले तर 8 रुपये. हे गणित कॉलेजात शिकले होते हो, पण परीक्षेपुरतं.

मग झाकणाच्या उभ्या भिंतीवर बोट. "ताई, हे साच्यातून सुटणार कसं? एक डिग्री तरी उतार द्या." प्रिंटरला उतार लागत नाही, त्यामुळे मला सुचलंच नव्हतं. मजबुतीसाठी जिथे जाडी वाढवली, तिथे प्लास्टिक थंड होताना आकसून खड्डा पडणार, हेही कळलं. शेजारचं मशीन तोवर एका शॉटला, म्हणजे साचा एकदा भरून उघडला की आठ बुचं टाकत होतं, धडाधड.

दोनशेच हवी असतील तर सिलिकॉनच्या साच्यात ओतून घ्या म्हणाले; एका साच्यातून वीस-पंचवीस निघतात, मग तो फाटतो. वर चहाही पाजला.

आता रात्री साडेअकराला भिंती तिरक्या करत बसलेय.