ओला कोपरा: वाळुंज लागला, अर्जुन गेला

आधी आनंदाची बातमी. मुठेकाठच्या वाळुंजाच्या काड्या लागल्या! पेन्सिलीएवढ्या जाड, नुसत्या चिखलात खुपसलेल्या. मुळं फुटावीत म्हणून लावतात त्या रूटिंग पावडरचा कणही नाही. विलोच्या कुळातल्या झाडाला ती पावडर म्हणजे पैसे पाण्यात. काल एक काडी उपटून पाहिली. पांढऱ्या मुळ्या आणि त्यांवर गंजाचा नारिंगी लेप. खोडातून खाली आलेली हवा मुळं थोडी बाहेर सोडतात, तिथं चिखलातलं लोह गंजतं. मी तर ती काडी घरातल्या सगळ्यांना दाखवून आलो.

आता अर्जुन. खड्ड्यांतली रोपं पिवळी पडली, मग बुंध्याशी काळी. एक उपसलं तर माती निळसर राखाडी आणि सडक्या अंड्यांचा वास, म्हणजे मुळांशी ऑक्सिजन नाही. जागा मुळशीकडची, जुनं भातखाचर. वर्षानुवर्षं चिखलणी होऊन खाली घट्ट थर बसलाय. त्यात ऑगर, म्हणजे खड्डे पाडायचं फिरतं यंत्र! असल्या चिकट मातीत तो खड्ड्याच्या भिंती लिंपून गुळगुळीत करतो. आत शेणखताची भुसभुशीत माती, म्हणजे पाऊस आला की रांजण भरलाच. वर शेणखत कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खातं. टिकाव-फावडंच बरं, भिंती खडबडीत तरी राहतात. (रोपवाटिकेबद्दल एवढंच: पिशवीत मुळांची गुंडाळी झालेली रोपं ‘दोन वर्षांची, दणकट’ म्हणून खपवू नयेत.)

अर्जुन नदीकाठचा, मग मेला कसा? काठाला पाणी वाहतं, उतरतं. इथं ते कोंडून राहतं.

ओल्या जागेसाठी नेटवर ज्या याद्या मिळतात त्या बहुतेक थंड देशांतल्या: आल्डर, विलो, डॉगवुड. तिकडं बर्फ वितळताना पाणी साचतं तेव्हा झाडं बहुधा झोपेतच असतात. मुळांना ऑक्सिजन कमी लागतो आणि गार पाण्यात तो जास्त विरघळतो. आपल्याकडं जुलैत झाड ऐन वाढीत, माती कोमट. शिवाय एप्रिलमध्ये त्याच जागी भेगा! दोन्ही सोसणारं झाड हवं. माझ्या यादीत करंज, जांभूळ, उंबर आणि समुद्रफळ. वाळुंज फक्त ओढ्यालगत, त्याला उन्हाळ्यातही ओल लागते.

मधे चर खणून गादीवाफे करायचे असं ठरलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “खाचरात झाड कुनी लावतंय का? बांधावर लावा की!” खरंच, इकडं आंबा, ऐन, उंबर सगळे बांधावरच. तेव्हा चर रद्द. बांध रुंद करून उरलेले अर्जुन तिथं, आणि खाचराच्या मध्यात वेखंड. पाणकणीस नको, ते सगळं खाचर गिळेल.

वाळुंज लावणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पावसाळा सरताना तो पानं गाळतो. मेला म्हणून उपटू नका. नर-मादी झाडं वेगळी असतात आणि माझ्या काड्या एकाच झाडाच्या. मूळ झाड फुललं की कोण ते कळेल, मग दुसऱ्या लिंगाच्या काड्या शोधायला निघायचं. मुळा-मुठेकाठी कुणाच्या ओळखीचं झाड असेल तर सांगा.