धूर दिसत नाही म्हणून

दादांचं वाक्य डोक्यातून जात नाही. “धूरच नाही, मग चव कुठून येणार?” स्मोकरवर, म्हणजे लाकडाच्या धुरा-आचेवर, मांस शिजत होतं, तेव्हा सहज म्हणाले ते. मला मात्र लागलं.

धूर दिसत नव्हता, कारण विस्तव नीट पेटला होता. टेक्सासातला हा ऑफसेट स्मोकर म्हणजे चूल आणि वैलच: लाकूड एका बाजूच्या फायरबॉक्समध्ये जळतं, आच शेजारच्या लांब डब्यातल्या मांसावरून सरकत पलीकडच्या धुराड्यातून निघते. धुराड्याच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसावी, निरखून पाहिलं तर निळसर झाक. एवढंच पुरे. पांढरे दाट लोट निघाले की समजावं, लाकूड जळत नाही, धुमसतंय. त्यातलं अर्धवट जळलेलं सगळं मांसावर बसतं आणि चव कडवट होते, जीभ बधिर होते.

बारा-चौदा तास विस्तवापाशी बसायचं, आणि तो चांगला असेल तर कुणाला दिसतही नाही. ब्रिस्केटचं (गाईच्या छातीच्या मांसाचं) कौतुक होतं, विस्तवाचं नाव कुणी काढत नाही. चुलीपुढे जन्म गेलेल्या बायकांना काय वाटत असेल... असो.

आणि काम तरी किती बारीक! आधी कोळशाच्या निखाऱ्यांची जाड बैठक, वर पोस्ट ओकची (टेक्सासातल्या एका ओक झाडाची) दोन फोडलेली लाकडं. डबा चांगला तापून धूर निवळेपर्यंत मांस आत ठेवायचं नाही. पुढे एका वेळी एकच लाकूड, मनगटाहून थोडं जाड, फूट-सव्वा फूट लांब, साधारण अर्ध्या-पाऊण तासाने. पुढचं लाकूड फायरबॉक्सच्या पाठीवर ठेवून आधीच तापवायचं, म्हणजे आत जाताच जाळ धरतं. थंड लाकूड आधी धुमसतं. टाकल्यावर दोन-चार मिनिटं दार किलकिलं ठेवायचं. जाळीखाली राख साचली की हवा अडते, म्हणून ती अधूनमधून ओढून काढायची.

सगळ्यात मोठा मोह झडपेचा. आच २५० फॅरनहाइटच्या (सुमारे १२० सेल्सिअस) वर गेली की हवा कोंडावीशी वाटते. कोंडली की पांढरा धूर आलाच. धुराड्याची झडप सताड उघडीच ठेवायची. आच कमी करायची ती पुढचं लाकूड बारीक घेऊन.

मांसाचं आतलं तापमान १६० फॅरनहाइटच्या आसपास तासन् तास अडून बसतं, तेव्हाही जाळ वाढवायची घाई नको. पृष्ठभागावरच्या पाण्याची वाफ होताना मांस थंडावत राहतं, म्हणून काटा हलत नाही. विस्तवाचं काही चुकलेलं नसतं.

तरी दादांचा प्रश्न उरतोच: चव कुठून? लाकडाला टणकपणा देणाऱ्या लिग्निन या घटकातून. स्वच्छ जाळातही त्याचे सुगंधी अंश निघत असतात, फक्त त्यांचे लोट दिसत नाहीत. कापल्यावर कडेला दिसणारी ती गुलाबी रेघ, जिच्यावर सगळे खूश होतात, तीही जाळातून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वायूंचीच करणी: नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड.

हे त्यांना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं का? नकोच. धूर दिसला की काहीतरी शिजतंय, असं सगळ्यांनाच वाटतं. त्यांनी दोनदा वाढून घेतलं, जिभेला जे कळायचं ते कळलंच.

लाकडाकडे मात्र बघायला हवं. नवीन गाडीभर आलंय त्यातलं एक पेटवून पाहिलं: कापलेल्या टोकाला बारीक बुडबुडे, चुर्र आवाज, मग पिवळट पाणी. अजून ओलं आहे. ओलावा २० टक्क्यांखाली आल्याशिवाय हात लावायचा नाही. जमिनीपासून उचलून रचायचं, वरून झाकायचं, बाजू मोकळ्या. भट्टीत वाळवलेलं आणावं तर ते भडकून लगेच संपतं, आच हातात राहत नाही. तोवर मागच्या वर्षीची रास पुरवून वापरायची.